छातीचं वजन

संगणकातल्या माणसाला अंतराळात धाडायला अग्निबाण लागत नाही. गुरुत्वीय त्वरण म्हणून जिथं 9.8 लिहिलेलं असतं तिथं शून्य लिहायचं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा. पडद्यावरच्या रेषा हलू लागतात. पावलांतल्या शिरांमधला दाब ओसरतो, मानेतला चढतो, हृदयाचे कप्पे जरा ताणले जातात. वजन गेल्याची बातमी शरीराला लागते ती अशी, दाबांच्या आकड्यांतून.

पहिल्या वर्षाच्या काही हौशी मुलामुलींना घेऊन मी आमच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात असं एक छोटं मॉडेल मांडते. डोकं, छाती आणि पाय असे तीनच कप्पे, त्यांना जोडणाऱ्या नळ्या, मध्ये एक पंप. रक्ताचा स्तंभ जितका उंच तितका त्याच्या तळाशी दाब जास्त, हे शाळेतलं सूत्र: घनता, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार. उभ्या माणसाच्या हृदयापासून पावलापर्यंत साधारण 1.2 मीटर, रक्ताची घनता घनमीटरला 1060 किलो. गुणाकार केला की पाऱ्याचे 93 मिलिमीटर येतात. निश्चल उभ्या माणसाच्या पावलांतल्या शिरांसाठी पाठ्यपुस्तकात 90 हा आकडा छापलेला आहे. बारावीच्या भौतिकशास्त्रातून एमबीबीएसच्या पुस्तकातला आकडा आपल्या हातानं निघाला की मुलांचे चेहरे उजळतात, आणि त्या क्षणासाठी मी हा खटाटोप दरवर्षी आनंदानं करते.

मग शून्य लिहायची वेळ येते. यंदा एक मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "मॅडम, माणूस उभा केला काय नि आडवा केला काय, उत्तर एकच येतंय. काही चुकलंय का?"

काहीच चुकलं नव्हतं. त्या माणसाच्या रक्ताला आता उठणं, बसणं, झोपणं यांतला फरक कळेनासा झाला होता. उंची होती, पण तिला शून्यानं गुणलेलं होतं. जन्मभर ज्याच्याशी झगडून आपण ताठ उभे राहतो ते समीकरणातून निघून गेलं, की उभं राहण्यालाच काही अर्थ उरत नाही. ती मुलगी थोडा वेळ गप्प झाली. मग तिनं वहीत दोन्ही उत्तरं एकाखाली एक लिहिली आणि त्यांना चौकट घातली.

पृथ्वीवर आपण किती कष्टानं उभे असतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. सकाळी अंथरुणातून उठून पाय जमिनीवर टेकले की सुमारे अर्धा लीटर रक्त छातीतून खाली उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, रक्तदाब घसरू लागतो. मानेतल्या रोहिणीच्या भिंतीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं बसलेली आहेत, त्यांना हा ढिलेपणा तत्काळ जाणवतो. निरोप मेंदूच्या तळाशी जातो, तिथून हृदयाला वेग वाढवायचा आणि रक्तवाहिन्यांना आवळायचा हुकूम सुटतो. पोटऱ्यांचे स्नायू आकसून शिरांतलं रक्त वर ढकलतात, शिरांतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. हे सगळं चहाचं आधण ठेवायच्या आत उरकलेलं असतं. दिवसातून किती वेळा, वर्षानुवर्षं, एकही शब्द न बोलता! शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मला भक्तिभाव दाटून येतो तो अशा जागी.

या कामाचं गणित मांडणाऱ्यांत आर्थर गायटन यांचं नाव पहिलं. आपल्याकडच्या एमबीबीएसच्या मुलांना ते पुस्तक म्हणून ठाऊक असतात. "गायटन वाचलास का?" असं मुलं एकमेकांना विचारतात तेव्हा त्या नावामागे एक माणूस आहे याचा विसर पडलेला असतो. या माणसाला हृदयाचा शल्यविशारद व्हायचं होतं. 1946 साली, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेचं शिक्षण चालू असताना, त्यांना पोलिओ झाला. उजवा पाय, डावा हात आणि दोन्ही खांदे अधू झाले. शस्त्रक्रियेचा रस्ता बंद झाला. त्यांनी स्वतःसाठी दांडीनं चालवता येणारी, मोटर बसवलेली चाकाची खुर्ची बनवली, मिसिसिपी राज्यात परतले आणि शरीर कसं चालतं हे शोधण्यात उरलेलं आयुष्य घातलं. पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती 1956 ची.

1972 मध्ये गायटन, थॉमस कोलमन आणि हॅरिस ग्रेंजर यांनी रक्ताभिसरणाच्या नियंत्रणाची एक आकृती प्रसिद्ध केली. पहिल्यांदा पाहणाऱ्याची छाती दडपते. 354 क्रमांकित चौकटी, प्रत्येक चौकटीत एक छोटी गणिती क्रिया आणि एकीतून दुसरीत जाणाऱ्या रेषांचं जाळं. बोट ठेवून एक रेष धरावी आणि चालत सुटावं. रक्तदाब वाढला, म्हणून मूत्रपिंडातून मीठ आणि पाणी जास्त बाहेर पडलं, म्हणून रक्ताचं आकारमान घटलं, म्हणून हृदयाकडे येणारं रक्त कमी झालं, म्हणून दाब उतरला. बोट फिरून पहिल्याच चौकटीशी येतं. अशी वर्तुळं एकात एक गुंतलेली. दीर्घकाळच्या रक्तदाबाचा शेवटचा निवाडा मूत्रपिंडांकडे असतो, हा गायटन यांचा मोठा सिद्धान्त या आकृतीच्या केंद्रस्थानी आहे. कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून मिळालेले आकडे आणि संगणक यांच्या जोडीनं त्यांनी तो उभा केला.

स्कायलॅब या अवकाश स्थानकाच्या काळात, 1970 च्या दशकात, अमेरिकी अंतराळ संस्थेसाठी काम करणाऱ्या रोनाल्ड व्हाइट आणि इतरांनी हे मॉडेल उचललं आणि त्याला वजनरहित अवस्थेत नेऊन पाहायला सुरुवात केली. कारण उघड होतं. अंतराळात जाऊन आलेली माणसं मोजकी होती, त्यांच्या अंगाला सुया टोचायला सवड थोडी, आणि एकाच माणसात दहा गोष्टी एकदम बदलत असताना कशामुळे काय झालं हे सांगणं अवघड. संगणकात एक धागा सोडवून बाकीचे घट्ट धरून ठेवता येतात. जिवंत माणसात ते शक्य नाही.

त्या काळची समजूत अशी होती: वजन नाहीसं झालं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. हे खरंच आहे. अंतराळवीरांचे चेहरे सुजतात, पाय काटक्यांसारखे बारीक होतात, दोन्ही पायांतून मिळून लीटरभराहून अधिक द्रव वर जातो. पुढचा तर्क असा, की छातीतल्या मोठ्या शिरांमधला दाब वाढेल, हृदयाच्या कर्णिका ताणल्या जातील, शरीराला वाटेल पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं भराभर लघवी तयार करतील. तर्क सुसंगत आहे. आमच्या तीन कप्प्यांच्या मॉडेलातही छातीतला दाब चढतोच.

ते पडताळून पाहायचं तर कुणाच्या तरी हृदयाजवळ नळी घालून त्याला अंतराळात पाठवायला हवं होतं. 5 जून 1991 रोजी कोलंबिया या स्पेस शटलमधून डॉ. ड्रू गॅफ्नी तसे गेले. ते स्वतः हृदयरोगतज्ज्ञ. दंडातल्या शिरेतून सरकवलेली बारीक नळी, तिचं टोक हृदयाच्या तोंडाशी, आणि अशा अवस्थेत ते उड्डाणासाठी आसनावर पाय वर करून निजले. मला हे दृश्य डोळ्यांपुढं आणावंसं वाटतं. खाली लाखो किलो इंधन आणि एका माणसाच्या छातीत एक धागा, फक्त एक आकडा मिळावा म्हणून.

तो आकडा आला, आणि वाढला नव्हता. घटला होता! नंतरच्या मोहिमेतल्या मोजण्याही तेच सांगत होत्या. जमिनीवर बसलेलं असताना पाण्याचे 8.4 सेंटिमीटर, उड्डाणाआधी पाय वर करून निजल्यावर 15, आणि कक्षेत पोचल्यावर दहा मिनिटांनी 2.5. जमिनीवर बसलेल्या माणसापेक्षाही कमी. मूत्रपिंडांनीही अपेक्षेप्रमाणे लघवीचा पूर सोडला नाही. त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे ध्वनिलहरींच्या चित्रांत हृदय मात्र आधीपेक्षा मोठं, भरलेलं दिसत होतं. दाब कमी आणि भरणं जास्त. हे कसं व्हावं?

उत्तर मिळायला काही वर्षं गेली. पीटर नॉर्स्क आणि सहकाऱ्यांनी काही सेकंदांची वजनरहित अवस्था देणाऱ्या विमानांतून प्रयोग केले. हृदयाच्या आतला दाब घटतो, पण हृदयाभोवतीचा छातीतला दाब त्याहून जास्त घटतो, असं त्यांना दिसलं. 1998 मध्ये रोनाल्ड व्हाइट आणि गनर ब्लोमक्विस्ट यांनी मॉडेलात ही बाहेरची बाजू घातली, तेव्हा कोडं उलगडलं. हृदय किती भरणार हे आतल्या दाबावर एकट्यावर ठरत नाही, आतला आणि बाहेरचा यांतल्या फरकावर ठरतं. पृथ्वीवर आपल्या छातीचा पिंजरा, फुप्फुसं, पोटातले अवयव, सगळे आपापल्या वजनानं हृदयावर रेललेले असतात. वजन गेलं की ती रेटारेटी थांबते. पिंजरा सैलावतो, हृदयाला जागा मिळते, आणि कमी दाबातही ते जास्त भरतं.

म्हणजे आपलं शरीर स्वतःचंच ओझं अंगावर घेऊन जगत असतं. शतकानुशतकं शरीराचा अभ्यास झाला, शवविच्छेदनं झाली, हृदयात नळ्या गेल्या, तरी छाती स्वतःच्या हृदयावर किती वजन टाकते हा प्रश्न पुरेशा गांभीर्यानं कुणी विचारला नव्हता. ते वजन कधी हललंच नव्हतं, मग जाणवणार कसं? गणित मांडलेलं होतं म्हणून चूक पकडता आली, याचं मला मोल वाटतं. शब्दांत सांगितलेली समजूत वाकवता येते, उलटसुलट पुराव्याशी जुळवून घेता येते. समीकरण 15 पेक्षा जास्त म्हणतं, नळी 2.5 म्हणते, आणि लपायला जागा राहत नाही. मॉडेल बरोबर येतं तेव्हा मला बरं वाटतं. ते चुकतं तेव्हा मी खुर्ची पुढं ओढून बसते.

उलटही घडतं. मॉडेल कधी माणसांच्या घाईला आवर घालतं. छोट्या उड्डाणांवरून परतलेल्या अंतराळवीरांच्या हृदयाच्या डाव्या जवनिकेचं वस्तुमान सुमारे 9 टक्क्यांनी घटलेलं दिसलं होतं. हृदय झिजलं, असा अर्थ लावला गेला. पण तिसऱ्या दिवसापर्यंत ते पूर्ववत होत होतं. हृदयाचा झिजलेला स्नायू तीन दिवसांत पुन्हा घडत नाही. रिचर्ड समर्स, कोलमन आणि सहकाऱ्यांनी 'डिजिटल अ‍ॅस्ट्रॉनॉट' या प्रकल्पात गायटन यांच्याच घराण्यातलं मॉडेल चालवून पाहिलं. उत्तर आलं की गेलं ते बहुतांशी पेशींभोवतीचं पाणी होतं. लांबच्या मुक्कामात किंवा आठवडेच्या आठवडे अंथरुणात हृदयाचा स्नायू खरोखर कमी होतो, ते वेगळं.

हृदयाखेरीज हाडांचं सांगायचं तर अंतराळात खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्यानं विरळ होतं, आणि ते थोपवायला अवकाश स्थानकावर रोज दोनेक तास व्यायाम करावा लागतो. मानेतल्या शिरेत रक्त थबकणं, उलटं वाहणं, एका अंतराळवीराच्या बाबतीत तर गुठळी होणं, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यापूर्वी जवळजवळ साठ वर्षं माणसं वर जात होती. अजून किती गोष्टी कुणी पाहिल्याच नसतील.

आणि मग मी मॉडेलातल्या माणसाकडे बघते. तो आहे तरी कोण? पाठ्यपुस्तकातला तरुण, निरोगी, 70 किलो वजनाचा पुरुष, अंगात पाच लीटर रक्त. गायटन यांच्या वारसदारांनी पुढं विस्तारलेल्या 'ह्यूममॉड' या मॉडेलात सुमारे 5000 चल आहेत. त्यात कितीतरी बारकावे आले, तरी सुरुवातीला गृहीत धरलेलं शरीर बदलायचं तर नव्या मोजण्या लागतात. हे किती महत्त्वाचं आहे ते 2002 मधल्या एका अभ्यासात दिसलं. शटलमधून परतलेल्या 35 अंतराळवीरांना उभं करून पाहिलं. तीस पुरुषांपैकी 20 टक्क्यांना भोवळ येण्याची वेळ आली. पाच स्त्रिया होत्या. पाचही जणींना आली. एकाच 'माणसा'चं मॉडेल घेऊन बसलो असतो तर या पाच जणी त्यात मावल्याच नसत्या.

वजनरहित शरीराचा अभ्यास ही आपल्यापासून दूरची गोष्ट आहे असं वाटणाऱ्यांना मी ऑर्थोच्या वॉर्डात नेते. खुब्याचं हाड मोडून तीन-चार आठवडे आडव्या पडलेल्या एक आजी. आज पहिल्यांदा उभं करायचंय. वॉकर आणून ठेवलाय, सून एका बाजूला, सिस्टर दुसऱ्या बाजूला.

"आजी, एकदम उठायचं नाही हं. आधी पाय खाली सोडून बसा."

आजी बसतात. मांड्या पातळ झाल्यात, त्यावरचं लुगडं सैल पडलंय. उभ्या राहतात आणि सुनेचा दंड घट्ट धरतात. "अगं, डोळ्यांपुढं अंधारीच आली गं."

आडवं असताना वरचा रक्तदाब 134 होता, उभं राहिल्यावर मिनिटाच्या आत 104. तीन मिनिटांच्या आत वरचा दाब 20 नं किंवा खालचा 10 नं घसरला तर त्याला आम्ही उभं राहण्यामुळे होणारा न्यून रक्तदाब म्हणतो. आजींच्या शरीरात जे घडलं ते कक्षेतून उतरणाऱ्या अंतराळवीराच्या शरीरात घडतं, जवळजवळ त्याच क्रमानं. रक्तातलं पाणी घटलेलं, पायांचे स्नायू विरलेले, मानेतल्या त्या ताण ओळखणाऱ्या टोकांची सवय मोडलेली. म्हणून तर शटलमधले अंतराळवीर परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी मिठाच्या गोळ्या पाण्याबरोबर घेत. म्हणूनच जर्मनीतल्या कोलोनला, फ्रान्समधल्या तुलूझला धडधाकट स्वयंसेवक डोकं सहा अंश खाली ठेवून आठवडेच्या आठवडे निजून राहतात. मॉस्कोत 1986-87 मध्ये काही पुरुष 370 दिवस डोकं खाली ठेवून निजले. कधीही अंतराळात न गेलेल्या या माणसांच्या धैर्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. मॉडेलातले कितीतरी आकडे त्यांनी दिलेले आहेत.

भारतीयांपैकी राकेश शर्मा 1984 च्या एप्रिलमध्ये सॅल्यूत-7 वर गेले, तेव्हा वजनरहित अवस्थेतल्या शरीरावर योगाचा काय परिणाम होतो हे त्यांनी अजमावलं. त्यानंतर शुभांशु शुक्ला 2025 मध्ये अवकाश स्थानकावर राहून आले. मध्ये एकेचाळीस वर्षं गेली. आता गगनयानाची तयारी चालू आहे. व्योममित्रा हा यंत्रमानव आधी जाईल, केबिनमधली हवा, दाब, तापमान यांची खबर देईल. रक्त त्याच्यात नाही, त्यामुळे माणसाच्या शिरांचा हिशेब माणूस गेल्यावरच मिळणार.

इस्रोला आणि बंगळुरूच्या एअरोस्पेस मेडिसिन संस्थेला माझी कळकळीची विनंती आहे. गगनयानाच्या प्रवाशांचे रक्तदाब, हृदयाच्या प्रतिमा, रक्ताची आकारमानं, व्यक्तीची ओळख झाकून, देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या हाती द्या. आपल्या मुलांनी त्यावर मॉडेलं चालवावीत, ती चुकू द्यावीत, दुरुस्त करावीत. उंचीनं आणि वजनानं 70 किलोच्या त्या पुरुषाहून वेगळी असलेली आपली माणसं, आणि विशेषतः आपल्या बायका, त्या समीकरणांत यायला हव्यात.

माझ्याबरोबरीच्या शिक्षकांनी त्यासाठी थांबायचं कारण नाही. वॉर्डात दोन-तीन आठवडे पडून असलेला कुणीही रुग्ण पहिल्यांदा उभा राहणार असेल, तर विद्यार्थ्याला रक्तदाबाचं यंत्र घेऊन तिथं पाठवा. आडवं असताना एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटानं, पुन्हा तीन मिनिटांनी, असे तीन वेळा आकडे घ्यायला सांगा. रुग्णाच्या बाजूला धरायला माणूस असू द्या. आणि आकड्यांबरोबर वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष हेही लिहून घ्या, मॉडेलला ते लागतं.